वीस गावांची परीक्षा

खोक्यातून फोन निघाला तेव्हा मी आधी हसले. तळहातात धरला तर दिसेनासा झाला. हल्ली लोक खिशात पाट घालून हिंडतात, आणि या कंपनीने म्हणे मुद्दाम छोटा फोन काढला होता, व्हिडिओ मात्र एकदम बारीक टिपणारा. चौदा दिवस वापरा, काय वाटतं ते सांगा आणि परत पाठवा, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं.

हाच माझा धंदा आहे. आमच्या रॉचेस्टर शहरात आम्ही बहिरे लोक इतके आहोत की कॉफीच्या दुकानातला माणूससुद्धा 'साखर किती' हे हातांनी विचारतो. फोन घ्यायच्या आधी यातले बरेचजण माझं परीक्षण बघतात. ऐकू येणाऱ्यांचे परीक्षक फोनचा आवाज कसा आहे ते सांगतात आणि सूर्यास्ताचे फोटो दाखवतात. आम्हाला सूर्यास्त घेऊन काय करायचंय? आमची भाषा हातांची. आम्हाला बोटं दिसली पाहिजेत. उजेड जरा कमी झाला की बहुतेक फोन ढेपाळतात आणि भरभर चालणारी बोटं एकमेकांत मिसळून त्यांची पेज होते.

म्हणून माझी परीक्षा वेगळी आहे. नकाशातून आमच्या राज्यातली वीस गावं निवडायची. स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसायचं आणि प्रत्येक गावाचं नाव एकेक अक्षर करत बोटांनी सांगायचं, तेही घाईघाईने. ते सगळं फोनवर टिपायचं आणि आईला दाखवायचं. आईने वहीत गावं लिहायची. वाक्य असलं की मागचंपुढचं बघून अंदाज करता येतो, पण स्केनेक्टडीसारख्या नावाचा कसला अंदाज करणार?

माझी आई मर्ल, वय पंच्याहत्तर. बहिऱ्यांच्या शाळेत असताना ती मैदानाच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या मुलींची गुपितं वाचायची. माझे वडील रसेल, तेही बहिरे, एका छापखान्यात कामाला होते. तिथल्या धडधडीचा त्यांना अर्थातच काही त्रास नव्हता. आईने ते गुपचूप काय बोलतात हे लांबून वाचलं आणि तिथून त्यांचं जमलं, असं ते सांगायचे. चार वर्षांपूर्वी वडील गेले. आईच्या नजरेची ख्याती मात्र राहिली. 'मर्लने पास केलेला फोन' म्हटलं की आमच्याकडे लोक पुढचं विचारत नाहीत.

पण गेल्या तीन वर्षांत तिने एकही फोन पास केला नव्हता. आधी वीसपैकी एकोणीस गावं यायची, मग अकरा, मग नऊ, मग सात. तिला नीट दिसावं म्हणून मी भिंतभर टीव्ही आणला होता आणि सगळी चित्रणं त्याच्यावरच लावत होते, तरी हे असं. मी कंपन्यांना फैलावर घेतलं. कामचुकार झालात, नुसते पैसे उकळता, असं काय काय म्हणून घेतलं. लोकांना ते फार आवडलं.

आणि मग भाऊ आला. डेलला ऐकू येतं, त्याचे हात कामापुरते चालतात. नोव्हेंबरच्या सुट्टीत जेवायला बसलो असताना त्याने आईला विचारलं, "टर्की आणखी वाढू का?"

आई हसली आणि म्हणाली, "मंगळवारी."

डेलने माझ्याकडे पाहिलं. नंतर बाहेर गाडीपाशी तो म्हणाला, "कोरीन, आईचं डोकं राहिलेलं नाही. तुलाही माहीत आहे. विचारावं एक, सांगते भलतंच. नाहीतर नुसती मान हलवते."

सिराक्यूजला त्याच्या घराजवळ एक वृद्धाश्रम होता. पुढच्या महिन्यात एका सोमवारी तो आईला तिकडे न्यायला येणार होता. पसंत पडलं तर लगेच खोली ठरवायची.

"तिथे कुणाला हातांनी बोलता येतं?" मी विचारलं.

"नाही. पण आता तरी ती कुठे बोलते?"

मी नुसतं त्याच्या गाडीचं दार लावलं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायला लागलं होतं. वीसपैकी सात गावं, हे काय फक्त फोनमुळे?

तो छोटा फोन त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी सकाळी परीक्षेला बसला. आईने तो उलटापालटा करून पाहिला.

"हा फोन आहे की साबणाची वडी?"

"तू गप बस आणि पेन्सिल घे."

गावं सांगून झाल्यावर मी आधी एकटीनेच चित्रण पाहिलं. खिडकीत डिसेंबरचा मळकट उजेड होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तरीही एकेक बोट सुटं दिसत होतं. नखाजवळ चिकटलेलं पीठ दिसत होतं. अंगठा दोन बोटांमधून निसटताना त्याची सुरकुती हलली, तीसुद्धा दिसली. एवढ्याशा डबीत हे कुठून आलं? मी ते तीनदा पाहिलं. या धंद्यात माझा जीव विटलाय, पण त्या दिवशी मी खरंच तोंडात बोट घातलं.

टीव्हीला जोडायची वायर खणात सापडत नव्हती. मी सगळा खण टेबलावर उपडा केला, वायर शोधली आणि वळले, तर आई फोन हात लांब करून धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताने वहीत लिहीत होती. मी वही ओढली. वीस गावं. वीसच्या वीस बरोबर.

"यादी बघितलीस!" मी म्हणाले.

"तुझं अक्षर आजवर कुणाला लागलंय का? मला लागायला."

मी दुसरी वीस गावं काढली. यादी मांडीखाली घेऊन बसले. आईने पुन्हा फोन लांब धरला. पुन्हा वीस. स्कॅनिॲटलिससुद्धा! हे नाव तिथे राहणाऱ्यांनाही धड लिहिता येत नाही.

मग मी तेच चित्रण टीव्हीवर लावलं. बोटं तीच, गावंही तीच. पडद्यावर माझा पंजा परातीएवढा झाला. आणि आईची मान डावीकडून उजवीकडे, वरून खाली अशी फिरायला लागली, हरवलेलं काही शोधावं तशी. तिने सहा गावं लिहिली आणि पेन्सिल खाली ठेवली.

मी टीव्ही बंद केला. तिच्यासमोर जाऊन बसले.

"आई, तुला किती दिसतं?"

तिने वही मिटली. मग तिने अंगठा आणि पहिलं बोट जुळवून एक वाटोळं केलं आणि ते डोळ्याला लावलं.

"एवढं," ती म्हणाली. "त्याच्या आतलं लख्ख दिसतं. बाहेर काही नाही."

आईला अंधारात कमी दिसतं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटीच जायची आणि आल्यावर म्हणायची, आहे तसंच आहे. आणि आम्ही मान हलवायचो.

"टीव्हीवर तुझा अंगठा बघितला की करंगळी जाते," ती म्हणाली. "करंगळी बघायला जावं तर तू पुढच्या गावाला पोचलेली असतेस. तू इतक्या हौसेने टीव्ही आणलास. काय सांगणार? या वडीत मात्र सगळी मावतेस."

"आणि टर्की?"

"कसली टर्की?"

"डेलने विचारलं, वाढू का. तू म्हणालीस मंगळवारी."

आईने कपाळावर हात मारला. "तो मेला अगदी नाकाशी येऊन हात हलवतो! मला त्याच्या शर्टाचं बटण दिसलं तेवढं. पुन्हा कधी येऊ, असं विचारत असेल म्हटलं."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. माझं पोट डोळ्यांवर चालतं. फोनला बोट दिसतं की नाही ते मी लोकांना सांगत सुटते, आणि तीन वर्षं माझ्या घरात माझी आई एका भोकातून जगाकडे बघत होती. मध्यंतरी तिने आपली खुर्ची टेबलाच्या पार टोकाला नेली तेव्हा मला वाटलं, रुसली. ती मला डोळ्यांत मावेल एवढी लांब करत होती. तेवढी लांब खोलीही आमच्याकडे नव्हती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गावं कुणाला दाखवली असतीस?" ती म्हणाली. "रसेल गेला. शाळेतल्या मैत्रिणी गेल्या. तुझी ती वीस गावं तेवढी उरली होती मला."

मी तिला सोमवारचं सांगितलं. वृद्धाश्रमाचं, खोलीचं, डेल काय म्हणाला ते, आणि मी गप्प राहिले तेही. हे तिला समोर बसून सांगितलं नाही, फोनवर टिपून हातात दिलं. तिने ते लांब धरून शेवटपर्यंत पाहिलं. मग फोन मला दिला आणि माझ्यासमोर ताठ बसली.

"घे माझं. डेलसाठी."

मी फोन धरला. आईचे हात इतके सावकाश आणि नेटके चालले की डेललाच काय, रस्त्यावरच्या कुणालाही कळलं असतं. "सोमवारी ये. टेबलाच्या त्या टोकाला बसायचं. हात छोटे, छातीपाशी. नकाशातली वाटेल ती वीस गावं विचार. एक चुकलं तर तुझ्याबरोबर येते, सामान बांधून ठेवते. चुकलं नाही तर वृद्धाश्रमाचा जो काही कागद असेल तो तुझ्या हाताने फाडायचा. आणि टर्की संपली, शिळ्या बटाट्यांवर भागव."

ते पाठवलं. पाच मिनिटांत डेलचं उत्तर आलं. त्या चित्रणात तो नुसता तोंडावर हात ठेवून उभा होता.

मी फोन पुसून खोक्यात ठेवायला गेले. बॅटरी अर्ध्या दिवसात दम टाकते आणि बटण फार बारीक आहे, हेही लिहायला हवं होतं. फोन परत पाठवायचा नाही, विकत घ्यायचा, हे एव्हाना ठरलंच होतं. आणि सगळ्यात आधी तीन वर्षांच्या नापास फोनांची जाहीर माफी मागायची होती. आईने जमिनीवर पाय आपटला. आमच्याकडे हाक मारायची ती अशीच. मी वळले.

"मघाचं परत लाव. तू बोललीस ते."

"का? नीट दिसलं नाही?"

तिने फोन घेतला, हात लांब केला आणि बघायला लागली. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. पडद्यावर मी बोलत होते. तोंड आणि हात एकाच वेळी, त्या टिचभर जागेत.

"तुला माहीत आहे का," डोळे न हलवता, एका हाताने ती म्हणाली, "तू आता रसेलसारखी बोलतेस. वाक्य संपवताना डावा खांदा उचलतेस आणि भुवई खाली आणतेस. कधीपासून?"

"मला काय माहीत?"

"हात बघितले की खांदा दिसायचा नाही. मला कळलंच नाही."

चित्रण संपलं. तिने ते पुन्हा लावलं.

"आई, ऐक ना, सोमवारी डेल आला की—" मी तिच्या पुढ्यात हात हलवला.

तिने माझा हात अलगद बाजूला केला.

"थांब जरा," ती म्हणाली. "रसेलला बघू दे मला."