वाकड्या आठ ओळी

मी हातमाग बोलतोय. मी मांडीवर मावेल एवढाच आहे, पण माझा राग मात्र माझ्यात मावत नाहीये.

विणकाम करणाऱ्या एका ताईंनी मला जुन्या खिडकीच्या चौकटीतून बनवलं. खिळे ठोकले, उभे धागे ताणले आणि थेट इस्पितळात आणलं. तिथे लुळे हात पुन्हा चालावेत म्हणून त्या रुग्णांना विणायला बसवतात. काही डॉक्टर याला टाइमपास म्हणतात. म्हणोत बापडे.

शिंपीकाका माझ्याकडे आले ते अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडल्यावर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस. आता त्यांच्या सदऱ्याची बटणं काकू लावून द्यायच्या आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. ताईंनी धागा गुंडाळलेला धोटा त्यांच्या उजव्या हातात दिला. पहिल्याच दिवशी तो सात वेळा पडला.

"राहू द्या ताई. गेला हा हात."

"ते त्यालाच सांगू दे की. तुम्ही कशाला मध्ये बोलता?"

काका कितीतरी दिवसांनी हसले. महिन्याभरात आठ ओळी झाल्या. वाकड्या, कुठे ढिल्या, कुठे गच्च. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून त्या दाखवायच्या.

मग रुग्णांचं काम बघायला पाहुणे येणार म्हणून इस्पितळात रंगरंगोटी सुरू झाली. ताई नसताना कार्यालयातल्या बाईंनी मला उचललं. "हे असलं वेडंवाकडं दाखवायचं? लोक काकांनाच हसतील," म्हणाल्या आणि आठही ओळी उसवून टाकल्या. बाईंना विणता येत होतं, तेच नडलं. तासाभरात त्यांनी सरळ रेषेत वीस ओळी विणल्या आणि वर चिठ्ठी लावली, 'रुग्णाने विणलेले'. मला ओरडता येत नाही याचा इतका संताप कधी आला नव्हता. एका माणसाचा महिना पुसला आणि वर त्याच्यावर उपकार केल्याचा आव!

पाहुणे आले. काकांना माझ्याजवळ बसवलं होतं.

"वा, काय सफाई आहे हाताला," पाहुणे म्हणाले.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "हे माझं नाही."

"थोडंसं नीट केलंय हो काका," बाई पुटपुटल्या.

"सरळ कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. माझ्या आठ ओळी कुठायत?"

बाईंनी आत खोचलेलं धाग्याचं टोक शिंप्याच्या नजरेतून सुटणार थोडंच? काकांनी उजवा हात पुढे केला. चिमटीतून टोक दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा अंगठा आणि बोट एकमेकांना घट्ट भिडले. अशी चिमूट त्यांना महिनाभर जमली नव्हती. ओळ सरसर उसवली.

"अहो, पाहुणे बघताहेत," बाई पुढे धावल्या.

ताई आडव्या आल्या. "बघू देत. हेच बघायला बोलावलंय ना त्यांना?"

काकांनी वीसच्या वीस ओळी उसवल्या. काकू बाजूला बसून धागा गुंडाळत होत्या आणि रडत होत्या.

आता मी पुन्हा कोरा आहे. उद्या काका नवी ओळ घालतील आणि ती वाकडीच येईल. तुमच्यापैकी कुणाला मला नीट करायची हौस आली, तर आधी काकांना विचारा.