मध्ये न थांबणारी वाट

“हे मध्ये कुठे थांबतं का हो?” कवळीवाल्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं.

बाई हसल्या नाहीत, याचं त्यांना बरं वाटलं. “नाही. एकदम तिकडेच. सव्वा तासात पोचू.”

विमानातला पट्टा कवळीवाल्यांच्या पोटाला काचत होता. दातांच्या कवळ्या बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शहरातले निम्मे म्हातारे माझ्या हातचं हसतात, असं ते गमतीने म्हणत. स्वतः मात्र बेताचंच हसत.

थोरल्या भावाकडे जायला ते याआधी दोनदा निघाले होते, दोन्ही वेळा आगगाडीने. एक रात्र आणि वर सबंध दिवस असा तो प्रवास. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरच्या जंक्शनवर चहाला म्हणून उतरले आणि पिशवी घेऊन उलट्या गाडीत बसले. घरी सांगितलं, गाडी पुढे गेलीच नाही. बायकोला काय ते कळलं, पण तिने विषय काढला नाही.

भांडणही या अंतरावरूनच झालेलं. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा मिळेल त्या गाडीत, दाराशी उभं राहून ते गेले होते. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. “किती वाट बघायची तुझी?” एवढंच दादा म्हणाला. त्यावर कवळीवाले नको ते बोलले आणि घोटभर पाणीही न पिता परत फिरले. पुढे दोन्ही घरांत लग्नं झाली, नातवंडं झाली. फार लांब पडतं, असं दोघेही विचारणाऱ्यांना सांगत राहिले. लोकांना ते पटायचंही.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. दादाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. धोका टळला होता, पण तो जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. मुलीने काही न विचारता विमानाचं तिकीट काढलं.

“बाबा, आता लांब नाहीये,” ती म्हणाली.

आगगाडीत निदान बोलणं जुळवायला सवड मिळायची. इथे पहिलं वाक्य मनात जुळतंय न जुळतंय तोच विमान खाली यायला लागलं.

दार वहिनींनी उघडलं आणि डोळे पुसत त्या बाजूला झाल्या. आतल्या खोलीत दादा उशांना टेकून बसला होता. धाकट्याला बघताच त्याने चटकन तोंडावर हात धरला. उशाशी वाटीतल्या पाण्यात त्याची कवळी होती.

कवळीवाले खाटेपाशी जाऊन उभे राहिले.

“कधी निघालास?” दादाने हाताआडून विचारलं. शब्द बोबडे येत होते.

“सकाळी.”

“आज?”

“आज.”

दादाने खिडकीकडे पाहिलं. बाहेरचं ऊन अजून कोवळंच होतं. कवळीवाल्यांनी मान खाली घातली.

“जेवत नाहीस म्हणे.”

“टोचते ती.”

कवळीवाल्यांनी कवळी उचलून उजेडात फिरवली. काम वाईट नव्हतं. झटक्याने चेहरा एका अंगाला ओघळला होता, त्याला ती आता बसत नव्हती. ती त्यांनी परत पाण्यात ठेवली, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले आणि खाटेच्या कडेवर बसले. भावाच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली. दाढीचे खुंट पांढरे झाले होते.

“आ कर, दादा.”

दादाने तोंडावरचा हात काढला आणि डोळे मिटून आ केला.