पिशवीच्या तळाशी चष्मा

मित्रांनो, चाकानंतर माणसाचे जगणे बदलून टाकणारी दुसरी वस्तू म्हणजे मी, असे माझ्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितले गेले. मी डोळ्यांच्या दवाखान्यातले एक जुने टोकन-मशीन आहे. माझ्या पडद्यावरची अक्षरे मुंगीएवढी होती. हसू नका, मला अजून राग येतो.

एका लांबुळक्या तरुणाने गारेगार खोलीत बसून माझी बटणे आखली. दहा सेकंदांत कुणी काही दाबले नाही, तर मी पुन्हा पहिल्या पानावर जावे, ही अक्कलही त्याचीच. त्याला पुष्पगुच्छ मिळाला, मला चापट्या. डोळ्यांत औषध घातलेली माणसे मला 'मठ्ठ' म्हणत. दवाखान्याचे साहेब म्हणत, "मशीन उत्तम आहे, लोकांनाच कळत नाही." शेवटी शिपायाने माझ्या कपाळावर चिठ्ठी डकवली : 'न समजल्यास शिपायाला विचारा.' एवढा अपमान वजनकाट्याचाही झाला नसेल.

एकदा एक मावशी आल्या. त्यांनी पिशवीच्या तळातून चष्मा काढेपर्यंत माझे पान उलटले. चष्मा पुसेपर्यंत पुन्हा उलटले. तिसऱ्यांदा उलटणार, तेवढ्यात शिपाई आला.

"मावशी, आजचे नंबर संपले. आता पुढच्या बुधवारी या."

"अहो, मी केव्हाची उभी आहे इथं."

"त्याला मी काय करू? मशीनला विचारा."

"मशीनला कशाला? ज्यानं हे केलंय ना, त्याच्या आईला विचारते. पोराला काय शिकवलंस म्हणून."

गाडी लावून आलेला तो लांबुळका तरुण मागेच उभा होता.

"आई, मीच केलंय ते."

मावशींनी त्याच्याकडे पाहिले. चांगले दहा सेकंद पाहिले.

"मग मी चष्मा पिशवीच्या तळाशी ठेवते, हे तुला ठाऊक नव्हतं होय रे?"

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर तो माझ्याशेजारी स्टुलावर बसला. कोण कुठे अडखळते, कोण लाजून विचारतच नाही, हे निमूट पाहत राहिला. पगार आधीपासून मिळत होता, पण तो डिझायनर झाला त्या स्टुलावर.

पुढच्या बुधवारी माझी अक्षरे बशीएवढी होती, आणि थांबायलाही मला शिकवले होते. मावशींनी चष्मा न काढताच, पिशवीतून म्हणतो मी, टोकन घेतले.

मित्रांनो, कुणासाठी काही बनवाल, तर आधी त्याच्याजवळ बसा. आईने विचारायची वाट पाहू नका.

आणि जाता जाता माझ्या कपाळावरची ती चिठ्ठी तेवढी खरवडून काढा. खाज सुटते, आणि मला हात नाहीत.