लाटण्याला पाय लावा!

मी एक जुनं लाटणं आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला कुणी हात जोडायचे नाहीत!

काटेवाडीच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. आमचं घर भाकरीचं, त्यामुळे रोज मला काम नसे. पण सणाला पुरणपोळी असली की सिंधुबाई मलाच शोधायची, आणि मी पोळी कधी फाटू दिली नाही. पुढे माझ्या टोकाला चीर गेली. नवं लाटणं आलं आणि मी फळीच्या कोपऱ्यात गेलो. "अन्नाला लागलेलं हाय, चुलीत नगं," एवढी दया सिंधुबाईने केली. दया कुणाला हवी होती? मला काम हवं होतं.

गेल्या वर्षी सिंधुबाईची टाच धरली. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की "आई गं!" धरणारच की! देवघर स्वयंपाकघरातच, म्हणून चप्पल उंबऱ्याबाहेर आणि ही दिवसभर शहाबादी फरशीवर अनवाणी. निमगाव केतकीच्या बाजारात भाजी विकायची तीही अनवाणी, का तर भाजी म्हणजे लक्ष्मी!

मुलगा माऊली म्हणाला, "आये, आता बाजार बंद. भाजी टेम्पोवाल्याला देऊ." सिंधुबाईचा चेहराच उतरला. त्या बाजारात तिचं गिऱ्हाईक होतं, मैत्रिणी होत्या. कोपऱ्यात बसणं काय असतं, ते मला विचारा.

सून प्राची तिला बारामतीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. खाटेवरून उतरण्याआधी तळव्याखाली काहीतरी गोल घेऊन पाय मागेपुढे फिरवा आणि घरातही मऊ चप्पल घाला, असं त्यांनी सांगितलं. प्राचीने घरी येताच मला खाली काढलं.

"अगं, लाटण्याला पाय? पाप लागंल!" सिंधुबाईने मला कपाळाला लावून परत फळीवर ठेवलं. असा संताप आला मला!

बाजाराच्या दिवशी माऊलीने भाजीच्या पाट्या टेम्पोत चढवायला घेतल्या. सिंधुबाई खाटेवर बसून बघत होती. एकदम कडाडली, "प्राची, आण गं ते लाटणं! पाप लागलं तर मला लागंल. बाजार माझा हाय!"

तिचा भेगाळलेला तळवा माझ्यावर आला. मी जीव तोडून फिरलो.

जादू झाली नाही, मित्रांनो. त्या दिवशी भाजी टेम्पोतच गेली. पण ती रोज सकाळी मला पायाखाली घेत राहिली, मऊ चप्पल घालून स्वयंपाकघरात वावरू लागली. देव काही रागावले नाहीत. उन्हाळा सरता सरता ती पुन्हा बाजाराला निघाली.

"झेपंल का?" माऊलीने विचारलं.

"तू पाट्या चढव. बाकीचं मी बघते."

निघताना तिला ओट्याशी अनवाणी उभी असलेली प्राची दिसली. "चप्पल घाल आधी."

"आत्या, माझं कुठं काय दुखतंय?"

"माझं बी दुखत नव्हतं," सिंधुबाई म्हणाली.

आता उठा, आणि तुमच्या आईच्या पायात या घडीला काय आहे ते बघून या. काही नसेल, तर भांडा तिच्याशी!