विहीर म्हणजे बोअर नव्हे

"विहीर हा बोअरचाच प्रकार धरा ना," असं म्हणून हर्षल सर खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरले. साहेबांना ज्ञान झालं की खुर्ची फिरते.

सावेडीतल्या आमच्या ऑफिसात शेतीचं शहाणपण कॉम्प्युटरला शिकवतात. कोणती वस्तू कशाचा प्रकार, कशाचा भाग, तिला कोणता नियम लागू, हे आम्ही मांडायचं. मग शेतकऱ्याने फोन केला की मशीन त्यावरून उत्तर देणार. कर्जतकडे विहिरीच्या पोटात आडवे बोअर मारतात. ते कळल्यावर सरांनी अख्खी विहीरच बोअरखाली घातली. झालं! बोअरमध्ये माणूस उतरत नाही, विहिरीत उतरतो. दोन नियमांची जुंपली आणि पडदा लाल झाला.

"सर, आडवा बोअर विहिरीचा भाग आहे. घरात चूल असते, म्हणून घर चुलीचा प्रकार होतं का?"

"सुमैरा, तू फार फाटे फोडतेस. उद्या मशीन बघायला पाहुणे येतायत. 'माणूस उतरतो' ही ओळ उडव."

"ती उडवली तर विषारी वायूचा इशाराही जाईल."

"आजकाल कोण उतरतं गं विहिरीत?"

माझे अब्बा उतरायचे. लोकांच्या विहिरींचा गाळ काढायचे. एका विहिरीतून त्यांनाच दोराने वर काढलं, तेव्हा मी दहावीत होते. पण हे सरांना सांगून काय उपयोग? गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. त्यांनी स्वतःच ती ओळ उडवली. लाल गेलं. बाकीच्या नंदीबैलांनी माना डोलावल्या, वर पेढेही वाटले. मला इतकी चीड आली की पेढा तसाच टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर स्पीकरवर पहिलाच फोन आला तो कर्जतच्या कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याचा.

"इहिरीतला गाळ काढायचाय. भाऊ उतरतोय आता. काय काळजी घ्यावी?"

मशीन गोड आवाजात म्हणालं, "बोअरमध्ये माणूस उतरत नाही, त्यामुळे काळजीचं कारण नाही. बोअरचं तोंड झाकून ठेवा."

पाहुणे हसले. सरही हसले, लाज कोळून प्यायल्यासारखे.

मी फोन ओढून घेतला. "दादा, भावाला थांबवा! आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडा. विझला तर कुणीही उतरायचं नाही!"

"सुमैरा, ठेव तो फोन. अब्रू घालवतेस माझी," सर दात खाऊन म्हणाले.

"तुमची अब्रू नंतर बघू."

पलीकडे दोरी सुटत होती, इकडे कुणी चहाचा कपही उचलेना.

"मॅडम," कानिफनाथचा आवाज आला, "कंदील इझला की ओ."

मग तो तिकडेच ओरडला, "मच्छिंद्र! पाय काढ वर, मुडद्या! लई शाना झालास व्हय?"

मच्छिंद्रने त्याला एक सणसणीत शिवी हासडली. सगळ्या पाहुण्यांनी ती ऐकली. मी फोन टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून घेतलं.