शून्य लोहाच्या बाटल्या

"हात पुढं करा, बायडाबाई. दोन्ही."

इंगवले सरांनी असं म्हणताच बायडाबाईंनी हात पुढे केले. शाळेत छडी खायला करतात तसे, तळवे वर. चौकशी समितीतल्या तिघांनी टेबलावरून वाकून ते पाहिले. अकरा वर्षं अ‍ॅसिडची बादली सांभाळून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. नखं मुळापर्यंत कापलेली. त्यात काय सापडणार होतं देव जाणे, पण तिघांनीही माना अशा डोलावल्या की सापडलंच.

मी भिंतीला टेकून उभी होते. मी निशिगंधा, नेसरीची, पीएच.डी.चं चौथं वर्ष. ज्या बाटल्यांवरून हा तमाशा चालला होता त्या माझ्याच प्रयोगाच्या होत्या. त्या कशामुळे नासल्या हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं. माझे मार्गदर्शक असलेल्या इंगवले सरांना, बायडाबाईंना आणि मला.

आमचा विषय ऐकून लोक हसतात. कोल्हापुरात बसून समुद्राचा अभ्यास! पण आहे खरा. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या, एकाच पेशीच्या वनस्पती तरंगत असतात. त्यांना जगायला लोखंड, जस्त, तांबं लागतं, आणि भर समुद्रात लोखंड इतकं कमी असतं की एका शेततळ्यात टाचणीचं डोकं विरघळवावं. तेवढ्यातलं ती पेशी कसं ओढून घेते, हे मी शोधत होते. उपाशी ठेवली की ती आपल्या अंगावरच्या लोखंड धरणाऱ्या जागा वाढवते. तरीही मिळालं नाही तर फिकी पडते, वाढायची थांबते आणि तशीच तग धरून राहते. हे बघायचं तर काही बाटल्यांत लोखंडाचा कणही चालत नाही. अशा बाटल्यांवर आम्ही 'लोह शून्य' अशी चिठ्ठी लावायचो. चिठ्ठी माझी, शून्य बायडाबाईंचं.

आठवडाभर साबणाच्या पाण्यात, आठवडाभर अ‍ॅसिडमध्ये, मग शुद्ध पाण्यानं सात वेळा विसळायचं आणि एकावर एक तीन पिशव्यांत बांधायचं. लोखंड कशातूनही येतं, धुळीतून, केसांतून, तोंडाच्या पावडरीतून, कुंकवाच्या रंगातून. म्हणून बायडाबाई रोज सकाळी कुंकू पुसून, बांगड्या आणि मंगळसूत्र कपाटात ठेवून आत जायच्या. एखाद्या दिवशी घाईत तशाच घरी परतल्या की मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय ओ, नवरा हाय न्हवं?"

"हाय की. मटण खाऊन घोरतोय," असं म्हणून त्या पुढे जायच्या.

अकरा वर्षं कंत्राटावर काढली होती. यंदा दिवाळीनंतर कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. तो कागद त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. वाचता त्यांनाही येत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं सुख वेगळं.

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, प्रयोगशाळा कशी सुटेल? दरवर्षी आम्ही बाहेरच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून उरकायचो. यंदा संस्थेचे अध्यक्ष येणार होते, फोटो निघणार होते. सर म्हणाले, पूजा आत, बाटल्या भरायच्या त्या धूळबंद स्वच्छ कक्षातच करायची. सगळ्यात महागडी वस्तू तीच.

बायडाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सर, आत नगं. भाईर पाट मांडूया की. उदबत्तीची राख उडती."

"देवाला पण हातमोजे घालायचे काय, बायडाबाई?" सर म्हणाले. अध्यक्ष हसले, म्हणून आम्हीही हसलो.

बाईमाणूस फोटोत बरं दिसतं म्हणून हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात आलं. कक्षाच्या काचेला मी बोटं लावली, बटणांना लावली. फोटोवाला म्हणाला, त्या बाटल्यांनाही लावा, छान रांगेत दिसताहेत. धुऊन, दुसऱ्या दिवशी भरायला पिशव्यांतून काढून ठेवलेल्या पाच बाटल्यांच्या झाकणांना मी एकेक कुंकवाचं बोट टेकवलं. चार वर्षं शिकलेली मी!

अध्यक्ष गेल्यावर बायडाबाई म्हणाल्या, "ह्या पाच परत अ‍ॅसिडात घालाय पायजेत. पंधरा दिस लागतील."

"पंधरा दिवस कुठले? जहाजावरनं पाणी आलंय, उद्या भरायचंय. पुसून घ्या," सर म्हणाले.

भर समुद्रातलं ते पाणी वर्षातून एकदा मिळायचं. त्यांनी पुसून घेतलं. मी भरलं. बाराव्या दिवशी फिक्या राहायला हव्या होत्या त्या पाच बाटल्या तपकिरी-हिरव्या होऊन बसल्या. पाणी संपलं, वर्ष गेलं, अनुदान देणाऱ्यांना उत्तर द्यायची वेळ आली. उत्तर म्हणून सरांना एक माणूस हवं होतं.

हात बघून झाल्यावर सरांनी पाकिटातून एक पट्टी काढली. लाल गोळ्यांची. "ही तुमच्या कपाटात सापडली. कशाच्या गोळ्या आहेत?"

"लोखंडाच्या. तपासणीच्या शिबिरात रगात सात भरलं. डॉक्टरीणबाईंनी दिल्यात."

सर समितीकडे वळले. "शून्य लोहाच्या प्रयोगशाळेत लोखंडाच्या गोळ्या. आता आणखी काय सांगायचं?"

"पर मी खाल्ल्या न्हाईत. मोजा की. धाच्या धा हायत."

"का नाही खाल्ल्या?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

बायडाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "ताईंनीच सांगितलतं, घामातनं बी लोखंड उतरतंय म्हणून. म्हटलं माझ्या अंगात वाढलं आन् बाटलीत गेलं तर? परयोग संपूस्तवर ऱ्हाऊदे."

समितीतल्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला, पण हसू ऐकू आलंच. मी हसले नाही, एवढंच माझं पुण्य. चिरमुरे खाता खाता मी कधीतरी ते बोलून गेले होते. गोळी खाल्ल्यानं बाटली बिघडत नाही, हातमोजे असतात, हे पुढचं वाक्य सांगायचं राहून गेलं होतं. त्या भरवशावर ही बाई दोन महिने रक्त नसलेल्या अंगानं अ‍ॅसिडच्या बादल्या उचलत होती.

"आन् खंडेनवमीचं काय?" बायडाबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "झाकणांस्नी कुंकू मी लावलं व्हय?"

सर माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ. "निशिगंधा, पूजा कक्षाच्या बाहेरच झाली होती ना? दरवर्षीसारखी?"

माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

"हो सर," मी म्हणाले. बोलायला फार अवघडही गेलं नाही, आणि त्याचीच मला आजही शिसारी येते.

'कामात निष्काळजीपणा' असं लिहिलेल्या कागदावर बायडाबाईंनी सही केली, पूर्ण नाव, वळणदार. यादीतलं नाव गेलं आणि महिनाअखेरीला कंत्राटही. नवीन कंत्राट करायला सरांनी त्यांना पुन्हा बोलावलंच नाही.

डिसेंबरात मी डाळिंबं घेऊन मंगळवार पेठेत गेले. माझं मन हलकं करायला गेले होते, दुसरं कशाला? बायडाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. एका मंगल कार्यालयात लग्नाची भांडी घासायचं काम धरलं होतं. कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या, आणि ओठ पांढरे.

"मी बोलायला पाहिजे होतं, मावशी."

"व्हय. पायजे हुतं."

मी डाळिंबांची पिशवी पुढे केली. "आता तरी त्या गोळ्या घ्या."

"कुठल्या? त्या फायलीत लावल्यात की तुमच्या सरांनी. पुरावा म्हणं."

"मग दवाखान्यातनं दुसऱ्या आणायच्या."

"गेलते. रांगंत उभं ऱ्हावंना, परत आले."

माझ्या हातातली पिशवी आत ठेवायला म्हणून त्या चौकट धरून उठल्या. अर्ध्यावर थांबल्या, डोळे मिटले आणि सावकाश परत खाली बसल्या.

"थितंच ठिवा," त्या म्हणाल्या.