कोट हयातची एकच जिवंत लाइन

जूनच्या दुपारी कोट हयातमध्ये सावलीसुद्धा सावली शोधत फिरते, आणि अख्ख्या गावात एकच लाइन जिवंत असते: दवाखान्याची. बाकीच्या लाइनी वरून हुकूम आला की बंद. म्हणून सगळ्या गावाने दवाखान्याच्या तारेवर आकडे टाकलेले. आटाचक्की, बर्फाचा कारखाना. फार काय, नवाबदिनाची म्हैस पंख्याशिवाय पान्हा सोडत नाही, म्हणून तिचा आकडा वेगळा.

सबस्टेशनातल्या इनायतुल्लाला हे ठाऊक होतं. त्याच्या घराचाही आकडा तिथंच होता. पण आज त्याची लेक नसीम त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर होती. मूल आडवं आलेलं, जनरेटर महिनाभर बिघडलेला, आणि इथे भाराचा काटा चारशेवर थरथरत होता. साडेचारशेला लाइन आपोआप पडते, आणि एवढ्या भाराखाली पडलेली लाइन पुन्हा उभी राहत नाही.

चारशे दहा. त्याने मशिदीत फोन लावला.

"हाफिजजी, भोंग्यावरून सांगा, आकडे काढा म्हणून."

"तीनदा सांगितलं. लोक म्हणतात, आधी शेजाऱ्याला काढू दे."

"मग सांगा, लाहोरहून तपासणीचं पथक आलंय. नाक्यावर जीप उभी आहे."

"आलंय?"

"नाही."

"तौबा! मशिदीतून खोटं बोलू?"

"इनायतुल्ला म्हणतो, असं सांगा. पाप माझ्या नावावर. चारशे तीस झाले, हाफिजजी! पोर आहे माझी आत!"

पलीकडे घसा खाकरला गेला. मग बॅटरीवरचा भोंगा कडाडला.

गावभर बांबू नाचू लागले. गुडघे धरून चालणारे म्हातारे भिंतींवर चढले. नवाबदिनाच्या म्हशीने म्हणे आपली तार स्वतःच शिंगाने ओढली. काटा उतरला: तीनशे, दोनशे, शंभर. इनायतुल्लाने कपाळ पुसलं.

पण काटा थांबेना. साठ. एकट्या दवाखान्यालाच साठ लागतात. चाळीस. वीस! त्याने दवाखान्याचा नंबर फिरवला.

"घाबरू नका, चाचा," दवाखान्याचा वायरमन मुनीर धापा टाकत होता. "पथक येतंय ना? डॉक्टरसाहेबांचा बंगला, बाईसाहेबांचे एसी, कँटीनची शेगडी, सगळं तोडलं. आमचंही मीटरबाहेरचंच की!"

"अरे गाढवा, ऑपरेशनची खोली?"

"दिवा अन् मशीन चालू आहेत. तिथलं तेवढंच कायद्यातलं."

इनायतुल्ला स्टुलावर बसला. "फोन ठेवू नकोस," एवढंच म्हणाला आणि पापणी न हलवता काट्याकडे बघत राहिला.

किती वेळ गेला कोण जाणे. पलीकडून आधी तान्ह्याचं रडणं आलं, आणि पाठोपाठ नसीमचा घोगरा आवाज: "मुडद्यांनो, पंखा कुणी बंद केला?"